चोरी नसलेला खेळ

हर्षालीची पहिली मुलगी जव्हारच्या दवाखान्यात झाली, ते साल दोन हजार तीन. भात झोडून घरात आलं होतं, नागली, म्हणजे नाचणी, अजून खळ्यावर पडली होती, आणि अशा ऐन दिवसांत तुळशीदास आणि त्याची बायको गोदा खोडाळ्याजवळचा आपला पाडा सोडून लेकीकडे राहायला आले. रीत अशी की पहिलटकरणीने माहेरी यावं. पण पाड्यावरून दवाखाना लांब, वाट डोंगराची. म्हणून लेक माहेरी जायच्या ऐवजी माहेरच लेकीकडे आलं. गोदाने येताना नागलीचं पीठ आणि घरच्या कोंबडीची अंडी आणली. तुळशीदासाने काही आणलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती बरोबर आली. चैत्रातला बोहाडा.

बोहाडा हा गावदेवीचा उत्सव. देवादिकांची, राक्षसांची सोंगं तोंडावर बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. सोंग ज्या घराण्याचं, त्याच घराण्याने ते नाचवायचं. तुळशीदासाच्या घराण्याकडे म्हैसासूर होता. बापाच्या मागे तो त्यानेच नाचवला. असुर असला तरी सोंगातला म्हणून पाड्याला तोही देवच. भारी लाकडाचं शिंगाळं तोंड, बघायला बोटाएवढी दोन भोकं, हातात तलवार. दिवस उगवता उगवता जगदंबेशी त्याची लढाई व्हायची आणि तिथे बोहाडा संपायचा.

मागच्या बोहाड्यात त्या लढाईत एक नवल घडलं होतं. नाचता नाचता तुळशीदास गर्रकन फिरला आणि बाजूला टेंभा धरून उभ्या असलेल्या, पाड्यावरच्याच लाडक्यावर जाऊन आदळला. पेटता टेंभा लाडक्याच्याच हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोललं. पण लाडक्या ओरडला नाही, उलट त्याने तुळशीदासाच्या पायावर डोकं ठेवलं. कारण तुळशीदास आपल्याच जवळच्या माणसावर चालून गेला, म्हणजे तो तुळशीदास राहिलाच नव्हता, साक्षात म्हैसासूर अंगात आला होता. लोकांनी नारळांची रास घातली. आसपासच्या गावांत बातमी गेली. लाडक्या तर तेव्हापासून थंडीतसुद्धा बाही वर सारून फिरायचा.

यंदा लोक लांबून येणार होते. तुळशीदासाचा पुतण्या माघ्या सोंगासाठी तयार होऊन बसला होता, पण तुळशीदासाने त्याला सांगून ठेवलं होतं, ‘‘यंदाचं माझं. मग तुझंच आहे.’’ साठी उलटलेल्या माणसाला यापेक्षा दुसरं काही नको होतं.

जावई हेमंत जव्हारला कचेरीत कारकून. त्याने कुणाकडून तरी जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि तो पुढच्या खोलीत, देवाच्या फळीखाली, रुमाल झाकून ठेवला होता. हेमंत त्यावर पत्रं टाईप करायला शिकत होता. हर्षाली मात्र त्यावर खेळायची. नाशिकला डी.एड. करताना मैत्रिणीच्या घरी तिला ही गोडी लागली होती. कोडी सोडवायचे, शोधाशोध करायचे, गोष्टीतल्यासारखं कुठे कुठे हिंडायचे खेळ. बाळ झोपलं की रुमाल निघायचा.

पहिले काही दिवस तुळशीदास पाठ फिरवून बसला. मग खुर्ची ओढून शेजारी आला. आणि एकदा बघायला लागल्यावर गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

पहिला खेळ विटांचा. वरून विटा पडायच्या, त्या नीट बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी व्हायची.

‘‘गेली कुठं?’’ तुळशीदास दचकून म्हणाला.

‘‘पुरी झाली ना बाबा. म्हणून गेली.’’

‘‘पुरी झाली म्हणून गेली? आणि वाकडी बसली ती राहिली?’’

‘‘हो.’’

‘‘अगं, हे काय शिकवतात तुम्हाला? मी कुड सारवला आणि चांगला झाला म्हणून तो नाहीसा झाला तर तुझी आई मला घरात घेईल का?’’

‘‘कुड आहेच कुठं, पाडलाय निम्मा,’’ गोदा आतून म्हणाली.

दुसरा खेळ खोक्यांचा. एक गडी गोदामात खोकी ढकलून जागेवर लावायचा. त्याला ढकलता यायचं, ओढता यायचं नाही. खोकं एकदा भिंतीला टेकलं की संपलं. तुळशीदास हा खेळ बराच वेळ बघत राहिला आणि त्याला त्या गड्याची कीव आली.

‘‘हा कुणाच्या घरचा? मागं यायचं ठाऊकच नाही याला. आमच्या पुंजाच्या रेड्याला कळतं एवढं.’’

‘‘म्हणून तर कोडं आहे, बाबा.’’

‘‘कोडं नाही हे. मालकाने दोरी दिली नाही, एवढंच.’’

पण त्याला खरा धक्का बसला तो तिसऱ्या खेळात. त्यात एक तरणा पोरगा बंदरावरच्या गावात उतरायचा आणि हरवलेल्या बहिणीला शोधायचा. गोष्ट चांगली होती. हर्षाली त्याला एका म्हातारीच्या घरात घेऊन गेली, म्हातारी चुलीकडे वळली, आणि हर्षालीने खुंटीवरचा कंदील उचलून पोराच्या पिशवीत टाकला.

‘‘हे काय केलंस?’’

‘‘कंदील घेतला. पुढे लागतो.’’

‘‘तिला विचारलंस?’’

‘‘खेळ आहे हो. सगळं घ्यायचंच असतं यात. न घेतलं तर पुढे जाताच येत नाही.’’ आणि तिने फळीवरची सुरी घेतली, दारामागची दोरी घेतली, आणि देवळात शिरून देवापुढची घंटासुद्धा काढून घेतली.

तुळशीदास खुर्चीवरून उठला. ‘‘गोदा! इकडे ये. बघ तुझी लेक काय करते. देवळात चोरी केली हिने!’’

गोदा बाळाला मांडीवर घेऊन आली, चित्र बघितलं, म्हणाली, ‘‘पोरगा दिसायला बरा आहे.’’

‘‘अगं, पाव्हणा गावात आला की आधी पाणी मागतो. हा आधी किल्ली मागतो. आणि नाही दिली तर काढून घेतो. याची बहीण हरवली नाही, पळाली असेल याला कंटाळून.’’

हर्षाली हसून हसून बेजार झाली. बाळ जागं झालं. पण तुळशीदास हसत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की हे खेळ करणाऱ्यांना कुणी वडीलधारं माणूस नसावं.

मग एका दुपारी चौथा खेळ निघाला आणि सगळं बदललं.

त्या खेळात माणूस दिसतच नव्हता. नुसती जागा दिसायची. पाण्यातलं एक बेट, त्यावर ओस पडलेला राजवाडा, जिने, बंद दारं. माऊस सरकवला की समोरचं सरकायचं. तुळशीदास एकदम पुढे वाकला.

‘‘ही नजर मला ठाऊक आहे,’’ तो म्हणाला.

‘‘कसली?’’

‘‘सोंगातली. सोंग बांधल्यावर आपले हातपाय आपल्याला दिसत नाहीत. पुढचं तेवढं दिसतं. ते बाकीचे खेळ बघणाऱ्याचे. हा नाचणाऱ्याचा आहे. दे इकडे.’’

त्याने माऊस घेतला तो सोडला नाही. पहिल्या दिवशी भिंतींवर आपटला, पण दोन-चार दिवसांत हात बसला. प्रत्येक दालनात शिरलं की आधी जागच्या जागी पूर्ण गोल फिरायचं, मगच पाऊल टाकायचं. हर्षालीला हे सुचलं नव्हतं. ती सरळ चालत सुटायची आणि पाठीमागचं दार तिला दिसायचंच नाही. तुळशीदास सांगायचा, ‘‘मान फिरवून भागत नाही बाई, अख्खं अंग फिरवावं लागतं.’’ पाणी कुठून वाहतंय, घंटा कुठे वाजतेय, हे तो कानाने पकडायचा. संध्याकाळी हेमंत घरी आला की सासरे कॉम्प्युटरपुढे आणि हा चहाचा कप घेऊन मागे उभा.

‘‘मामा, मला एक पत्र टाईप करायचं होतं.’’

‘‘थांबा जावईबापू. राजाच्या न्हाणीघरात आहे मी.’’

त्या खेळाबद्दल तुळशीदासाचं मत पक्कं झालं. घरात येईल त्याला तो सांगायचा. शेजारच्या मास्तरीणबाई प्रतिभाताई बाळाला बघायला आल्या, त्यांनाही त्याने सोडलं नाही. ‘‘बाकीच्या खेळांत नुसती लूट आहे. या एका खेळात चोरी नाही. वस्तू दिसली की तिला हात लावायचा, जसा देवाला लावतो. सगळ्यांना क्रमाने हात लावून झाला की दार आपोआप उघडतं. आमच्या बोहाड्यातही तसंच. आधी गणपती, मग सरस्वती, मग बाकीचे. क्रम चुकला की देवी येत नाही. हा खेळ करणारा माणूस चांगल्या घरचा आहे.’’

प्रतिभाताई हो हो म्हणाल्या. हर्षाली बाळाची लंगोटं वाळत घालत होती. तिने ते ऐकलं आणि आत आली.

‘‘बाबा, यातही चोरी आहे.’’

‘‘नाही.’’

‘‘अहो, आहे. हात लावलेली वस्तू जाते कुठं?’’

‘‘बाजूला होते.’’

‘‘बाजूला नाही होत. तुमच्या पिशवीत येते. खाली बघा ना. दिवा आहे, दोन किल्ल्या आहेत, राजाची अंगठीपण उचललीत तुम्ही! म्हणून दारं उघडतात.’’ ती हसत होती. ‘‘सगळ्यात मोठे चोर तुम्हीच.’’

तुळशीदासाने पडद्याकडे बघितलं. ‘‘कुठं खाली?’’

‘‘हे काय. खालच्या कोपऱ्यात. पहिल्या दिवसापासून आहे.’’

तुळशीदासाने मान खाली घातली. आणि मान खाली घातल्यावर त्याला ती दिसली. एक चामड्याची पिशवी, तोंड उघडं, आणि आत दिवा, किल्ल्या, अंगठी. तो डोकं वर करायचा, पिशवी नाहीशी. खाली करायचा, पिशवी हजर. असं त्याने बऱ्याचदा केलं. 

‘‘ही आत्ता ठेवलीस तू.’’

हर्षालीचं हसू थांबलं. ती त्याच्या खुर्चीच्या बाजूला आली. म्हणाली, ‘‘बाबा, समोर बघा. मान हलवायची नाही.’’ आणि त्याच्या कानाजवळ हात धरून हळूहळू पुढे आणू लागली. ‘‘दिसला की सांगा.’’

तो काही बोलला नाही. हात पुढे पुढे येत राहिला. दाराशी उभ्या प्रतिभाताईंनी तोंडावर पदर धरला. हर्षालीचा तळवा जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, ‘‘हा.’’

दुसऱ्या बाजूलाही तेच झालं.

‘‘कधीपासून असं दिसतं तुम्हाला?’’

तुळशीदासाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट तोंड करून बघितलं. आवाज खाली आणला. ‘‘दोन-तीन वर्षं झाली. कुणाला बोलायचं नसतं ते. सोंग उतरवतो, पण नजर उतरत नाही. तो राहतो माझ्याजवळ. आधी बोहाड्यानंतर थोडे दिवस राहायचा. आता जातच नाही.’’

‘‘कोण राहतो?’’

‘‘म्हैसासूर, आणखी कोण.’’

त्याला इतकी वर्षं हेच वाटत होतं. जग दोन भोकांतून दिसायला लागलं तेव्हा तो घाबरला नव्हता. मनातल्या मनात त्याला मोठेपणा वाटला होता. एवढी माणसं सोंगं नाचवतात, पण देव घरी कुणाच्या येऊन राहतो? वाटेत ढोराला धडकला, दाराच्या चौकटीला खांदा लागला, ताटाशेजारचा तांब्या लवंडला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. ज्याच्या तोंडावर सोंग आहे त्याचं असं व्हायचंच.

हेमंतने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि सासऱ्याला एसटीत घालून नाशिकला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरने औषधं घातली, यंत्रापुढे बसवलं, पुन्हा पुन्हा दिवे दाखवले. मग म्हणाला, काचबिंदू आहे. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेने खात येतो. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली राखायची असेल तर रोज थेंब घालायचे, जन्मभर.

‘‘कडेने खात येतो,’’ तुळशीदास म्हणाला. ‘‘म्हणजे कोण?’’

‘‘आजार,’’ डॉक्टर म्हणाला.

परतीच्या गाडीत तो थेंबांची बाटली मुठीत धरून बसला. घाट उतरून गाडी जव्हारजवळ आली, तेव्हा हेमंतचा हात धरून म्हणाला, ‘‘जावईबापू, मग लाडक्याला भाजलं कुणी?’’

डेपोवर उतरताना त्याला हेमंत आणि कंडक्टर अशा दोघांनी धरावं लागलं.

होळी झाली. बोहाड्याचं ठरवायला पाड्यावर देवीच्या मांडवाजागी सगळे जमले. सकाळची वेळ होती. जगदंबेचं सोंग पुंजाच्या घराण्याकडे, म्हणून तो मधोमध बसला होता. हर्षाली मुलीला घेऊन बायकांत बसली. तिला बापाची भीती वाटत होती, कारण घरून निघताना तो म्हणाला होता, ‘‘मी काय बोलेन ते मलाच ठाऊक नाही.’’

पुंजाने विचारलं, ‘‘म्हैसासूर तुळशीदासाकडेच ना? का यंदा माघ्या?’’

‘‘माघ्या कशाला?’’ लाडक्या मागून गरजला. बाही वर होतीच. ‘‘तुळशीदादाच! मोखाड्याहून माणसं यायची आहेत. तो अंगात येतो ते बघायला.’’

तुळशीदास उभा राहिला. ‘‘यंदा माघ्या नाचवील. मागच्या साली माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं. माझे डोळे गेलेत. कडेचं दिसत नाही मला. लाडक्या बाजूला होता, तो दिसला नाही, म्हणून धडकलो.’’

एकदम गलका उठला.

‘‘काय बोलतोस रे!’’

‘‘नाशिकच्या डॉक्टरने डोक्यात भरवलं याच्या.’’

‘‘लेकीकडे राहून आला ना, तिथं कॉम्प्युटरचं भूत बसलं.’’

लाडक्या गर्दी सारून पुढे आला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ‘‘दादा, शब्द मागं घे. मी जवळ होतो. मी बघितलं त्याला. तुझा आवाज नव्हता तो, तुझी चाल नव्हती. हा बघ, हा बघ हात! हे माणसाने केलेलं आहे?’’

‘‘माणसानेच केलंय. मीच.’’

‘‘खोटं! तुला सोंग माघ्याला द्यायचंय, म्हणून माझ्या हातावरचा देव पुसतोस?’’

पुंजा म्हणाला, ‘‘थांबा. तुळशीदास, आम्ही नारळ दिले ते कोणाला मग?’’

हाच प्रश्न तुळशीदासाला रोज खात होता. तो म्हणाला, ‘‘लाडक्या, तुझा टेंभा आण. पेटवू नकोस. मी इथं उभा राहतो, समोर देवीकडे बघत. तू बाजूने ये. आवाज करू नकोस. मी बाजूला झालो तर तू खरा. यंदा मीच नाचतो.’’

लाडक्याने टेंभा आणला. सगळे उठून गोल उभे राहिले. गोदाने डोळे मिटून घेतले. लाडक्या अनवाणी, पाय न वाजवता, तुळशीदासाच्या उजव्या अंगाने निघाला. टेंभा त्याने पुढे धरला होता, अगदी मागल्या वर्षीसारखा. इतका जवळ आला की कुठलाही माणूस मागे सरला असता. तुळशीदास समोर बघत उभा होता. लाडक्या आणखी पुढे आला. ओठ हलवून तो काही म्हणत होता, बहुतेक ‘सरक, दादा, सरक’ असंच. टेंभ्याचं टोक तुळशीदासाच्या गालाला लागलं तेव्हा तो असा हादरला की खाली पडता पडता वाचला.

हर्षालीने हे आधी बघितलेलं होतं, तरी ती दोन पावलं पुढे आली.

लाडक्या टेंभा टाकून तिथेच मातीत बसला. हातावरच्या डागाकडे तो असा बघत होता, जसा तो आत्ताच पडला आहे. ‘‘म्हणजे मी नुसताच भाजलो,’’ तो म्हणाला. ‘‘वर्षभर मी हे मिरवलं. पोरांना हात लावू दिला याला, बरं वाटावं म्हणून. आणि मी नुसताच भाजलो?’’

‘‘आता तरी बाही खाली कर,’’ त्याची बायको पोशी म्हणाली. कुणी हसलं नाही. ती स्वतःही हसली नाही. ती पुढे आली आणि तिनेच त्याची बाही खाली ओढली.

तुळशीदास चाचपडत लाडक्याजवळ बसला. ‘‘तुला देव दिसला तो मला तरी कुठं खोटा वाटला होता,’’ तुळशीदास म्हणाला. ‘‘तुला एक दिवस दिसला. माझ्या घरात तो दोन वर्षं जेवला.’’

पुंजाने सोंग माघ्याकडे दिलं. तुळशीदासाने ते त्याच्या तोंडावर स्वतः बांधून बघितलं, दोऱ्या कुठे काचतात ते दाखवलं, आणि सांगितलं, ‘‘मान नाही, अंग फिरवायचं. आणि तलवार काढायच्या आधी टेंभेवाला कुठं आहे ते बघायचं.’’

चैत्रात बोहाडा झाला. दिवस उगवताना माघ्या नाचला. बरा नाचला. लाडक्याने टेंभा धरला, लांब बाहीचा सदरा घालून. कुणाला भाजलं नाही, कुणी पडलं नाही. मोखाड्याहून आलेली माणसं परत जाताना म्हणाली की यंदा म्हैसासूर काही आला नाही. तुळशीदासाने ते ऐकलं आणि माघ्याच्या सोंगाच्या दोऱ्या सोडायला गेला.

पुढे तो दर हिवाळ्यात जव्हारला यायचा. हर्षाली थेंब घालायची, पडद्याच्या कडेला काय आहे ते सांगायची, तो खेळायचा. राजवाड्याचा तो खेळ मात्र त्याने पुन्हा लावू दिला नाही. तिने एकदा विचारलं, तर म्हणाला की अंगठी परत ठेवायची सोय त्यात नाही.

तुळशीदास दोन हजार आठ सालच्या भाद्रपदात, पाड्यावर स्वतःच्या घरी, तापाने वारला.